पोस्टाक्का आणि माझा फ्लेक्स

तुमच्या गावात तारीख आपोआप बदलत असेल. आमच्या गावात ती पोस्टाक्का बदलायची. सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी ती पोस्टाचा शिक्का उलटा धरून त्यातले आकडे टाचणीनं उचकटायची, नवे बसवायची, एक ठसा रद्दी कागदावर मारून डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि म्हणायची, "झाला आजचा दिवस सुरू." मी समोरच राहतो, त्यामुळे हे सगळं माझ्या ओट्यावरून दिसायचं. मी एकदा म्हणालो, "अक्का, तू शिक्का न्हाई मारलास तर सूर्य काय माघारी जाणार हाय?" ती म्हणाली, "सूर्याला पत्र येत न्हाई गा. त्याला कशाला शिक्का?"

मी उठलो. हरलो म्हणून नव्हे. मला गुरं सोडायची होती.

तिचं नाव पार्वती, पण ते मतदानाच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. पोस्ट म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक लाकडी पेटी, भिंतीला तांबडा डबा. टपालाची थैली कॅसलरॉकच्या स्टेशनात रेल्वेगाडीतून उतरायची आणि जंगलातनं आमच्यापर्यंत यायला तिला पावसाळ्यात दोन दिवस लागायचे. पोस्टाक्काचं उजव्या हाताचं एक बोट शाईनं कायम काळं असायचं. चष्म्याला दोरा बांधलेला. आवाज असा, की पलीकडच्या शेतातला माणूस इकडं आपलं नाव ऐकून धोतर सावरायचा.

मी चौथीपर्यंत शिकलो. शाळेनं मला सोडलं नाही, मी शाळेला सोडलं. हे सांगायचं कारण असं, की हे लिहिलेलं माझ्या नातीनं तपासलंय, आणि तिनं जिथं दुरुस्ती केली तिथं बऱ्याच ठिकाणी मी माझंच परत घातलंय. चूक दिसली तर ती माझी समजावी.

पत्र आलं की माणसं आधी आत काय लिहिलंय ते बघतात. पोस्टाक्का आधी शिक्का बघायची. ज्यांना वाचता यायचं नाही ते पत्र घेऊन तिच्याकडंच जायचे, आणि ती वाचायच्या आधी पाकीट उजेडात धरायची. "हा म्हणतो मी बेळगावात हाय. शिक्का लोंढ्याचा हाय. आता वाचू?" निम्मं पत्र तिथंच वाचून व्हायचं. आणि वाचून झाल्यावर पाकीट फेकू द्यायची नाही. "मजकूर खोटा असतो, पाकीट खोटं बोलत न्हाई. ठेव ते."

मला मात्र हे शिक्क्याचं कौतुक कधी पटलं नाही, आणि त्याला कारण होतं. एकदा मला देवीचं कार्ड आलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. वर लिहिलेलं, की हे कार्ड मिळाल्यापासून इतक्या दिवसांत अकरा जणांना असंच कार्ड लिहा, भरभराट होईल. न लिहिल्यास काय होईल तेही लिहिलेलं होतं आणि ते जास्त सविस्तर होतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण हट्टानं तीन दिवस ओट्यावर बसून, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत अकरा कार्डं लिहिली आणि डब्यात टाकली. दुपारी पोस्टाक्का अकराही कार्डं हातात घेऊन माझ्या दारात.

"सोमाण्णा, शिक्का मारीन. माझं कामच हाय ते. खरं मला एवढं सांग, ही देवी कुठल्या पोस्टातनं लिवती?"

"देवीला पोस्ट लागतं व्हय?"

"तिनं कार्ड टाकलंय म्हंजे लागतंय की. तुला आलेल्या कार्डावरचा शिक्का हुबळीच्या बाजाराचा हाय. आपली देवी हुबळीच्या बाजारात काय करायली?"

मी म्हणालो, तू शिक्का मार. तिनं अकराही मारले. त्यातलं एक कार्ड मी तिच्याच घरी पाठवलं होतं, कारण दहाच्या पुढं मला पत्ते आठवेनात. ते तिनं टेबलाच्या ह्या बाजूनं शिक्का मारून त्या बाजूला नेलं, स्वतःच स्वतःला दिलं, आणि चुलीत घातलं. मी बघत होतो. "पोचवायचं माझं काम झालं. आता घरच्या पत्राचं काय करायचं ते माझं मी बघीन," म्हणाली. तिचं काही वाईट झालं नाही. माझी म्हैस आटली. ते मी तिच्याच नावावर टाकलं होतं, बरीच वर्षं.

दुसरी एक गोष्ट तिची सगळ्या गावाला खटकायची. पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात. खालच्या आळीतल्या एका बापानं लेकीला आलेलं पाकीट मागितलं, तर तिनं दिलं नाही. तो ओरडला, "मी बाप हाय तिचा!" ही म्हणाली, "व्हय, मला ठावं हाय. ह्याच्यावर तुझं नाव दाखव." मी बापाच्या बाजूनं बोललो. आम्ही चारपाच म्हातारे नेहमी बापाच्याच बाजूनं बोलतो, त्याला विचार करावा लागत नाही. शेवटी ती पोरगी आली, पत्र घेतलं, आणि तिथंच पोस्टाक्काच्या ओट्यावर बसून फोडलं. शिवणाच्या क्लासाला नाव लागल्याचं कळवलं होतं. बाप गेला तोंड घेऊन. कार्डावर मजकूर उघडाच असतो, पण पोस्टाक्कानं दुसऱ्याचं कार्ड कधी उलटून बघितलं नाही. पत्त्याची बाजू वर ठेवूनच ती गावभर फिरायची.

मग मोबाईल आले. आमच्याकडं आधी फोन आले आणि नंतर पुष्कळ वर्षांनी रेंज आली. मधल्या काळात गावाबाहेरच्या टेकडीवर एक धोंडा होता, त्याच्यावर उभं राहिलं की रेंज यायची. सगळा गाव तिथं. एक जण धोंड्यावर, बाकीचे खाली रांगेत. धोंड्यावरचा ओरडून बोलायचा, कारण त्याला वाटायचं गोवा लांब आहे. कुणाची सोयरीक मोडली, कुणाला मूळव्याध झाली, सगळं सगळ्यांना कळायचं. पोस्टाक्का म्हणायची, "हा धोंडा लई इमानदार हाय. इथं चोरून काय बोलता येत न्हाई."

आजाराच्या त्या दोन वर्षांत शाळा मोबाईलवर गेली. पोरं पाऊस अंगावर घेत टेकडीवर बसून गणित शिकली. नंतर टॉवर आला. आम्ही टॉवरला नारळ फोडला, हार घातला, मीच घातला. त्या दिवसापासून धोंडा ओस पडला आणि प्रत्येक पोर आपापल्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. आम्ही म्हातारे म्हणालो, बरं झालं, पोरं घरात तरी बसतात.

पोस्टाक्का तेवढी म्हणाली, "आता पत्रं यायला लागली. खरं शिक्का कोण बघणार?"

तिच्याकडं पोस्टाच्या मशीनसाठी सोलर आला होता. पावसाळ्यात आमची लाईट गेली की चारचार दिवस येत नाही, तेव्हा पोरं फोन चार्ज करायला तिच्या ओट्यावर. फोन भरेपर्यंत बसायचं. ती तांदूळ निवडत विचारायची, "आज कुणाचं पत्र?" पोरं हसायची. मग हळूहळू दाखवायला लागली. अक्का, हा कोण बघ, मला ओळखतो म्हणतोय. अक्का, लॉटरी लागली म्हणतोय. ती रागवायची नाही. चष्मा वर करून म्हणायची, "नाव त्यानं लिवलंय, ते सोड. शिक्का कुठला?" पोरांनाच शोधायला लावायची. कधीपासून आहे हा माणूस, कुणाच्या ओळखीचा, फोटो कुणाचा चोरलाय. एखादं पोर फोन लपवायला लागलं तर म्हणायची, "दाखवायचं तर दाखव, न्हाई तर न्हाई. तुझ्या नावाचं पत्र हाय." आणि अशी पोरं दुसऱ्या दिवशी आपणहून यायची.

मी समोरून बघायचो आणि म्हणायचो, रिकामे उद्योग. पोरांना दोन रट्टे दिले की काम होतं.

सरकारी खात्याचे लोकही एकदा आले, पोरांना मोबाईलचे धोके समजवायला. कुठलं खातं ते लिहीत नाही, त्यांनी लाडू दिले होते. बॅनर मोठा होता. साहेब तासभर बोलले, निम्मं इंग्रजीत, निम्मं अशा कन्नडात की कन्नड मास्तरसुद्धा मान खाजवत होते. अनोळखी काही दिसलं तर फोनमध्ये उघडू नका, असं तीनदा सांगितलं. मग सगळ्यांना एकेक कागद वाटला, त्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. "जास्त माहितीसाठी हा चौकोन मोबाईलनं उघडा," म्हणाले. पोरांनी पोस्टाक्काकडं बघितलं. ती हात वर करून उठली.

"साहेब, पोरगं फसलं तर त्यानं पैल्यांदा कुणाला सांगायचं?"

"हेल्पलाईन आहे ना, अम्मा."

"ती मागनं. आधी घरात कुणाला सांगायचं? आणि घरातल्यानं ऐकल्यावर काय करायचं? त्याचं शिबिर कवा घेणार?"

साहेब म्हणाले, चांगला प्रश्न आहे. मग जेवायला गेले. जायच्या आधी सगळ्या पोरांना गणवेशात, शाळेच्या पाटीसकट उभं करून फोटो काढला आणि पोरांच्या नावासकट सगळ्या जगाला पाठवला. आम्हाला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, मलाही वाटला. फोटोत मागे माझा फेटा दिसत होता.

आता माझ्या फ्लेक्सकडं येतो. येणं भाग आहे.

माझी नात दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. आमच्या घराण्यात दहावी ही पहिलीच. तिचं नाव इथं लिहीत नाही, ती नको म्हणाली, आणि पत्र ज्याच्या नावाचं त्याचं ऐकायला मी उशिरा का होईना शिकलोय. मी रामनगरला जाऊन फ्लेक्स करून घेतला. दहा फुटी. मध्ये नातीचा फोटो, त्याच्यापेक्षा थोडा मोठा माझा. खाली तिचं पूर्ण नाव, गाव, मार्क, आणि ज्या कॉलेजात नाव घातलं होतं त्याचं नाव. फ्लेक्सवाला म्हणाला, आजोबा, अभिनंदनासाठी नंबर टाकू या, आता सगळे टाकतात. मला फोन नाही. मी फोन घेतलेला नाही आणि घेणारही नाही. मग माझ्या नावाखाली नातीचाच नंबर टाकला. फ्लेक्स रामनगरच्या तिठ्यावर लागला. ज्याला त्याला मी तिठ्यावर नेऊन उभा करायचो. लोकांनी त्याचे फोटो काढले, इकडून तिकडं पाठवले. माझी छाती फ्लेक्सएवढी झाली.

पोस्टाक्का बसमधून उतरली, फ्लेक्स बघितला आणि तिथंच थांबली.

"सोमाण्णा, पत्ता पाकिटावर लिवतात. पाकिटातलं पत्र भायेर कुणी डकवतं काय? पोरीचं तोंड, नाव, गाव, कॉलेज, नंबर. आता काय ऱ्हायलं?"

मी म्हणालो, "तुला बघवत न्हाई, अक्का. तुझ्या घरात कुणी पास झालं न्हाई म्हणून पोटात दुखतंय."

तिला नातवंडं नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. ती पिशवी घेऊन निघाली. मी तिठ्यावर उभं राहून जिंकलो.

पुढचं मला तेव्हा काहीच कळलं नाही, दोन वर्षांनी कळलं. पण तुम्हाला आधीच सांगतो, नाही तर पुढच्या सभेत मी किती शहाण्यासारखा बोललो ते तुम्हाला समजायचं नाही.

फ्लेक्सवरच्या नंबरवर एक निरोप आला. अभिनंदन. मी धारवाडच्या कॉलेजात शिकते, तुझा फोटो बघितला, माझ्याशी मैत्री करशील काय. फोटो मुलीचा, बोलणं मुलीचं. दोन महिने अभ्यासाच्या गप्पा. मग त्या मैत्रिणीनं फोटो मागितले, साधेच, घरातले. नातीनं पाठवले. आणि एक दिवस त्याच नंबरवरून नातीचा चेहरा लावलेलं एक घाण चित्र आलं. खाली लिहिलेलं, की मी सांगतो तसे फोटो पाठव, नाही तर हे तुझ्या आजोबाला पाठवतो. फ्लेक्सवर माझंच तोंड मोठं होतं ना. त्यानं घरातला मोठा माणूस बरोबर ओळखला होता.

मला पाठवतो म्हणे! मला फोनच नाही! आयुष्यात एकदा माझा हट्ट कुणाच्या तरी कामाला आला असता, पण पोरीच्या ते डोक्यात आलं नाही. भीती वाटली की फोन आहे का नाही हे कुठं आठवतं?

ती जेवेना. कॉलेज सोडते म्हणायला लागली. मी म्हणालो, पोरीला उष्णता झालीय, ताक द्या. ती ताक पिऊन पोस्टाक्काकडं गेली, आणि फोन टेबलावर उलटा ठेवून रडली. तिथं काय झालं ते तिनं मला पुढं सांगितलं, तसंच लिहितो.

पोस्टाक्कानं दार लोटलं. चित्र बघायला मागितलं नाही. म्हणाली, "हे तू केलंस काय?"

"न्हाई, अक्का."

"मग रडतंय कोण? त्यानं रडायला पायजे. फोटू पाठवलेस ती काय चोरी न्हवं. फसवलं त्यानं. आता नीट ऐक. त्याला काय उत्तर देऊ नको. एक अक्षर न्हाई, शिवी सुद्धा न्हाई. आणि काय मागितलं तरी पाठवू नको. एकदा दिलं की तो पुन्ना दार वाजवणार."

"मी सगळं पुसून टाकते. नंबरच बदलते."

"पाकीट फेकू नको!" हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मी समोरून विचारलं होतं, काय गे झालं? ती खिडकीतून म्हणाली होती, काय न्हाई, टपालाचं हाय. मग आत हळू आवाजात, "एकेक निरोप, नंबर, तारीख, येळ, सगळ्याचा स्क्रीनचा फोटू काढून ठेव. ते घाण चित्र पुढं कुणाला धाडू नको, मलाबी न्हाई. फोनात जसं हाय तसं ऱ्हाऊ दे, मग त्याचा नंबर बंद कर. नाव खोटं लिवलं असंल, शिक्का पोलीस वाचतील."

नात म्हणाली, "आज्जाला सांगू नको."

"तुझं पत्र हाय. तुला न विचारता कुणाला सांगणार न्हाई. खरं एक मोठं माणूस घरचं लागतंय. आईला बलवू?"

नातीनं मान हलवली. माझी सून आली. सुनेनंही पोरीला मारलं नाही, जवळ घेतलं. माझा मुलगा गोव्यात कामाला असतो, त्याला फोनवर सांगितलं. तोही ओरडला नाही. म्हणजे बघा, माझ्या घरात सगळे शहाणे होते आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी, मला कॉलेजचं काम सांगून, तिघी सकाळच्या बसनं पोलिसांकडं गेल्या. नात आणि सून आत बोलत होत्या, पोस्टाक्का बाहेर बाकावर बसलेली. गावच्या एकानं तिला तिथं बघितलं. बसच्या आधी बातमी गावात आली, की कॉलेजच्या कुठल्या तरी पोरीचं मोबाईलचं लफडं झालंय आणि पोस्टाक्का त्यात आहे.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात सभा. पोस्टाक्काला बोलावलं. पहिला प्रश्न, पोरगी कुणाची?

"सांगणार न्हाई."

"गावाची अब्रू हाय."

"गावाची असंल. पत्र पोरीच्या नावाचं हाय."

मग मी उठलो. मला बोलायला उठायची सवय आहे, कुणी बसवत नाही म्हणून. मी म्हणालो, "जिची असंल तिचा फोन काढून घ्या. कॉलेज बंद करा. लगीन लावून द्या. आणि तिच्या घरच्या म्हाताऱ्याला विचारा, पोरीला वळण लावायला येत न्हाई काय?" लोकांनी माना हलवल्या. माझी सून खांबाला टेकून उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, सासऱ्याचं बोलणं मनावर घेतेय.

पोस्टाक्का चष्मा पुसत बसली होती. पुसून झाल्यावर म्हणाली, "सोमाण्णा, झालं तुझं बोलून?"

"झालं."

"आता मी सांगते ते ऐका सगळे. त्या माणसानं पोरीला धमकी काय घातली ठावं हाय? मारीन म्हणाला न्हाई. तुझ्या घरच्या म्हाताऱ्याला सांगीन, म्हणाला. बास. त्याच्याजवळ कोयता न्हाई, बंदूक न्हाई. तो कुठं बसलाय कुणाला ठावं न्हाई. त्याच्या जिवावर त्याचं काय चाललं न्हाई, तुमच्या जिवावर चाललंय. बिनपगारी शिपाई ठेवलाय त्यानं तुमास्नी. आत्ता ह्या मंडपात तुम्ही जे बोललासा, तेवढंच त्याला पायजे होतं."

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"उद्या तुमच्यातल्या कुणाची नात फसंल. ती तुमच्याकडं येईल काय माझ्या ओट्यावर येईल, ते आज ठरलं. पोरीचं कॉलेज बंद करायचं म्हणताय? चोर मोकळा आणि ज्याच्या घरात शिरला त्यालाच कोंडायचं! आणि फोन काढून घेतल्यावर पोरगी पुढच्या टायमाला सांगणार न्हाई, एवढंच हुईल."

मी म्हणालो, "बायकांनी मंडपात इतकं बोलू नये." मला तेवढंच सुचलं. सभा मोडली. जाताना मी चार जणांना म्हणालो, ज्याच्या घरची पोरगी असेल त्यानं आता तोंड कसं दाखवावं? चौघंही म्हणाले, व्हय, खरं हाय. आणि मी ते तोंड घेऊन घरी आलो आणि सुनेनं वाढलेली भाकरी खाल्ली.

त्या माणसानं पुढं काही पाठवलं नाही. काही महिन्यांनी पोलिसांनी कळवलं, की धारवाड नाही, कॉलेज नाही, मैत्रीणही नाही. लांबच्या गावात बसलेला एक मिशीवाला माणूस, आणि आमच्या पोरीसारख्या आणखी कितीजणींना तो लिहीत होता. खटला अजून चाललाय. नात कॉलेजात जात राहिली.

मला कळलं ते असं. नात नर्सिंगला बेळगावला जायच्या आदल्या आठवड्यात मी ओट्यावर कोकमं फोडत बसलो होतो आणि हल्लीच्या पोरींवर बोलत होतो. त्या जुन्या सभेचं काढलं. म्हणालो, ती कोण होती ते कधी कळलंच नाही. नात माझ्याजवळ येऊन बसली, एक कोकम उचलून फोडलं आणि म्हणाली, "आज्जा, ती मीच."

मी कोकमं फोडत राहिलो. मग विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस गे?"

"तू काय म्हणालास ते तू मंडपात सांगितलासच की."

तिनं मग सगळं सांगितलं, फ्लेक्सपासून. मी उठलो आणि मागच्या परसात गेलो. पास होऊन सहा महिने झाल्यावर मीच तो फ्लेक्स तिठ्यावरून आणून जळणाच्या राशीवर घातला होता, पावसापासून. लाकडांवर मी हसत होतो, आणि माझ्या हनुवटीखाली नंबर. दोन वर्षं ऊन खाऊन नातीचा चेहरा पुसून गेला होता. नंबर जसाच्या तसा होता. मी कोयत्यानं तो खरवडला. पोस्टाक्का टपाल वाटून परसामागच्या वाटेनं येत होती, ती थांबून बघत राहिली आणि मग वाटेला लागली. दोन वर्षं ती रोज समोरून मला बघत होती, माझी बडबड ऐकत होती, आणि एकदाही म्हणाली नाही की सोमाण्णा, ती तुझीच. एका शब्दात ती मला गावात आडवा करू शकली असती. मी तिच्या जागी असतो तर केला असता.

त्या दिवशीच जाऊन बोलायला हवं होतं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, पण तिकीट मागून परत आलो. असं तीनचार वेळा झालं. घरात तिकिटं साठली.

ती पोस्टाच्या नोकरीतून सुटली, डोळे अधू झाले, आणि भाची तिला गोव्याला न्यायला आली. कॅसलरॉकला गाडीवर सोडायला निम्मा गाव गेला, सगळी पोरं. मीही गेलो. खिशात एक कार्ड होतं, रात्रभर नव्हे, पण दोन दुपारी बसून लिहिलेलं. मुद्दाम कार्ड. पाकिटात घालून माफी मागितली तर ती लपवल्यासारखी झाली असती. त्यावर एवढंच लिहिलं होतं, "फ्लेक्स माझा होता. चूक माझी होती. मंडपात बोललो तीही. सोमा." नातीचं नाव लिहिलं नाही. तेवढं शिकलो होतो. पत्त्याच्या बाजूला, भाचीला विचारून, अक्काचं नाव आणि गोव्याचा पत्ता घातला होता.

गाडी लागली. पोरांनी तिच्या पिशव्या चढवल्या. ती खिडकीशी बसली. मी गर्दीतून पुढं जाऊन कार्ड खिडकीत धरलं. तिनं ते घेतलं, चष्मा वर केला, पत्त्याची बाजू डोळ्यांजवळ नेली. मागची बाजू बघितलीच नाही. काळं बोट कोपऱ्यावर फिरवलं.

"शिक्का कुठं हाय?"

"हातातच दिलो की गे अक्का, शिक्का कशाला?"

"बिनशिक्क्याचं पत्र मी कवा घेतलंय?" तिनं कार्ड माझ्या हातात परत दिलं. "पेटीत टाक. येईल माझ्याकडं. माझ्या नावाचं हाय न्हवं?"

गाडीनं शिट्टी दिली. मी कार्ड धरून उभा. पोरं अक्का अक्का ओरडत गाडीबरोबर पळत होती. गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतून तिचा हात बाहेर दिसला. मूठ आवळलेली होती. ती तिनं खिडकीच्या कडेवर आपटली, एकदा, दोनदा, शिक्का मारावा तशी, आणि गाडी बोगद्यात गेली.

मी स्टेशनातून सरळ टपालपेटीकडं गेलो.